पाचजणींचं गोल्फ

मे २०१८. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरजवळचं कार्स्टन क्रीक हे गोल्फचं मैदान. महिलांच्या आंतरविद्यापीठ अजिंक्यपद स्पर्धेची चौथी फेरी संपत आली होती आणि अॅरिझोना विद्यापीठाचा संघ पहिल्या आठांतून बाहेर फेकला जाण्याच्या बेतात होता. आठांच्या बाहेर म्हणजे सरळ घरी. अठराव्या होलवर संघाची शेवटची आशा बियांका पागदानगानन या फिलिपिनो मुलीवर होती. हा होल पार पाचचा, म्हणजे चांगल्या खेळाडूनं पाच फटक्यांत संपवावा असा, कडेनं तळं. बियांकानं दुसऱ्या फटक्यात चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, आणला आणि तिसऱ्या फटक्याला, बऱ्याच अंतरावरून, तो थेट होलमध्ये घातला. पारपेक्षा दोन फटके कमी. गोल्फच्या बोलीत याला ईगल म्हणतात.

त्या एका ईगलनं अॅरिझोनाची बेरीज बेलर विद्यापीठाच्या बेरजेइतकी झाली. आठव्या जागेसाठी दोन्ही संघांच्या पाच-पाच मुली पुन्हा मैदानात उतरल्या आणि अॅरिझोनानं ती जागा मिळवली. पुढच्या दिवशी या आठव्या संघानं पहिल्या क्रमांकाच्या यूसीएलएला हरवलं, मग स्टॅनफर्डला. अंतिम लढत अलाबामाशी. चार सामन्यांनंतर २-२ अशी बरोबरी. उरलेला पाचवा सामना अॅरिझोनाची हेली मूर आणि अलाबामाची लाकारेबर एब यांच्यात होता आणि तोही अठरा होलनंतर समसमान. एकोणिसाव्या होलवर मूरनं बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेतला, आणि सगळा संघ धावत तिच्या अंगावर पडला. लहानपणी अंगापिंडावरून वर्गातल्या मुलांनी केलेली चेष्टा मूरनं पुढे जाहीरपणे सांगितली आहे. त्या दिवशी मात्र सगळं विद्यापीठ तिचं नाव घेत होतं.

गोल्फ हा एकट्यानं खेळायचा खेळ, अशी आपली समजूत असते. ती चुकीची नाही. प्रतिस्पर्धी आपल्या चेंडूला हात लावत नाही, सहकारी पास देत नाही, चूक झाली तर ढकलायला दुसरं कुणी नसतं. या स्पर्धेत मात्र ह्याच एकांड्या खेळाला संघाच्या चौकटीत बसवलेलं आहे. ती चौकट कशी बनली आणि ती बनवायला किती वर्षं भांडावं लागलं, हे बघण्यासारखं आहे.

पाचातले चार

स्पर्धेचं पूर्ण नाव लांबलचक आहे: एनसीएए डिव्हिजन वन महिला गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा. एनसीएए ही अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांचा कारभार पाहणारी संस्था आणि डिव्हिजन वन ही तिची सर्वांत वरची पायरी. मेच्या पूर्वार्धात देशात सहा ठिकाणी विभागीय स्पर्धा होतात. प्रत्येक ठिकाणी बारा संघ, त्यातले पहिले पाच पुढे. असे तीस संघ मेअखेरीला अंतिम स्पर्धेला येतात. ज्यांचा संघ पात्र ठरला नाही पण ज्या स्वतः उत्तम खेळल्या, अशा सहाजणींनाही वैयक्तिक विजेतेपदासाठी जागा मिळते.

संघात पाच खेळाडू. रोज पाचहीजणी अठरा होल खेळतात आणि पाचातले सर्वांत चांगले चार आकडे संघाच्या बेरजेत धरले जातात. पाचवा सोडून देतात. कागदावर ही सवलत वाटते. मैदानावर तिचा अर्थ वेगळा होतो. सकाळी एखादीचे पहिले दोन होल बिघडले, तर उरलेल्या चौघींना कळतं की आता आपल्यापैकी कुणालाही बिघडायची मुभा नाही. आणि जिचे बिघडले, तिलाही हातपाय गाळता येत नाहीत. दुपारी दुसरी कुणी तिच्यापेक्षा वाईट खेळली, तर हिचाच आकडा धरावा लागणार असतो. वैयक्तिक गोल्फमध्ये वाया गेलेली फेरी तिथेच संपते. इथे सत्त्याहत्तरचे शहात्तर करण्यालाही किंमत आहे.

तीन फेऱ्यांनंतर तीसचे पंधरा संघ उरतात. चौथ्या फेरीनंतर दोन निकाल लागतात: ७२ होलमध्ये सर्वांत कमी फटके घेणारी मुलगी वैयक्तिक विजेती ठरते आणि पहिले आठ संघ पुढे जातात. इथून खेळाचा कायदाच बदलतो. आतापर्यंत सगळ्या फटक्यांची बेरीज होत होती, तिला स्ट्रोक प्ले म्हणतात. आता मॅच प्ले. एका संघाच्या पाचजणी दुसऱ्या संघाच्या पाचजणींशी एकास एक भिडतात. प्रत्येक होल हा स्वतंत्र हिशेब. एखाद्या होलवर नऊ फटके गेले तरी नुकसान त्या एका होलचंच. ज्या संघाचे तीन सामने आधी जिंकून होतात, तो पुढे. २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर खेळत होती आणि शेजारच्या पटांवरच्या गुणांनी भारताचं सुवर्ण ठरत होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रकार लगेच उमजेल.

उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने एकाच दिवशी होतात, अंतिम सामना दुसऱ्या दिवशी. म्हणजे अंतिम फेरी गाठणारी मुलगी सहा दिवसांत १२६ होलपर्यंत खेळू शकते. व्यावसायिक गोल्फमध्ये पिशवी उचलायला कॅडी असतो. इथे मुली आपली पिशवी स्वतः खांद्यावर घेतात किंवा ढकलगाडीवर ठेवून नेतात. २०२१ ते २०२३ ही स्पर्धा स्कॉट्सडेलच्या ग्रेहॉक मैदानावर झाली, तेव्हा हे सगळं अॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात चाललं होतं. प्रशिक्षकाला मात्र सोबत चालायची आणि सल्ला द्यायची परवानगी आहे. कुठली क्लब, म्हणजे काठी, घ्यावी, वारा किती धरावा, की नुसतं पाणी प्यायला सांगून गप्प राहावं, हे ठरवणं हीच त्याची किंवा तिची कसोटी.

मुलगी आहे, हीच अडचण

स्पर्धेची मुळं १९४१ सालात आहेत. ओहायो स्टेट विद्यापीठात ग्लॅडिस पामर महिलांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी देशभरातल्या महाविद्यालयीन मुलींसाठी गोल्फची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली, तेव्हा सर्वांत जोरदार विरोध झाला तो बायकांकडूनच. शारीरिक शिक्षण क्षेत्रातल्या महिला नेत्यांचं मत असं होतं की जिंकण्यासाठी खेळणं मुलींना मानवणारं नाही. त्यातून ताण वाढतो, मोजक्या हुशार खेळाडूंचे लाड होतात आणि बाकीच्या मागे पडतात. त्यांचा आवडता पर्याय ‘प्ले डे’ होता. चार महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमायच्या, सगळ्यांची सरमिसळ करून संघ पाडायचे, खेळ झाला की चहापाणी. कोण जिंकलं याला फारसं महत्त्व नाही.

या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं असं नाही. पुरुषांच्या विद्यापीठीय फुटबॉलमध्ये पैसा आणि हाणामारी किती शिरली होती, हे त्या बायका पाहत होत्या. पण पामरबाईंचा मुद्दा साधा होता: ज्यांना चुरशीनं खेळायचं आहे त्यांना खेळू द्या. त्यांनी स्पर्धा भरवली. अलाबामाची एलिनॉर डडली पहिली विजेती ठरली. लगेच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि पुढली चार वर्षं स्पर्धा झालीच नाही. १९४६ साली ती पुन्हा भरली, तेव्हा नॉर्थवेस्टर्नची फिलिस ओटो जिंकली.

पुढच्या तीन वर्षांतल्या दोन विजेत्यांची नावं गोल्फच्या इतिहासात वेगळ्या कारणानं आहेत. १९४७ ची विजेती शर्ली स्पॉर्क आणि १९४९ ची मॅरिलिन स्मिथ. १९५० साली ज्या तेरा महिलांनी एलपीजीए ही व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना उभी केली, त्यांत या दोघी होत्या. पैकी स्मिथ कॅन्सस विद्यापीठाची. या स्पर्धेला जायच्या खर्चासाठी तिचे वडील विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग अॅलन यांच्याकडे गेले. अॅलन हे बास्केटबॉलमधलं फार मोठं नाव. त्यांनी सांगितलं की तुमची मुलगी मुलगा नाही, हे वाईट झालं. पैसे मिळाले नाहीत. मुलगी तरीही गेली आणि अजिंक्यपद घेऊन आली.

त्या काळात बहुतेक महाविद्यालयांत मुलींचा गोल्फ संघ नावाची गोष्टच नव्हती. १९५३ ची विजेती पॅट लेसर सिअॅटल विद्यापीठात चक्क मुलांच्या संघातून खेळायची. वीस वर्षांनंतरही चित्र फार बदललं नव्हतं. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावात नॅन्सी लोपेझ ही शाळकरी मुलगी मुलांच्याच संघातून खेळत होती आणि त्या संघाला राज्य अजिंक्यपद मिळवून देत होती.

कायदा, संस्था आणि रस्सीखेच

२३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम टायटल नाइन म्हणून ओळखलं जातं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. खेळ हा शब्द त्यात नाही. पण विद्यापीठांत खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला जात असल्यामुळे मुलांच्या संघांवर खर्च करायचा आणि मुलींना वाऱ्यावर सोडायचं, ही रीत आता कायद्याच्या कचाट्यात आली.

याच सुमाराला महिलांच्या विद्यापीठीय खेळांचा कारभार एआयएडब्ल्यू या संघटनेकडे आला. बायकांनी बायकांसाठी चालवलेली संघटना. गंमत अशी की, सुरुवातीला या संघटनेचाच क्रीडा शिष्यवृत्तीला विरोध होता. पुरुषांच्या खेळातली बजबजपुरी इकडे नको, ही प्ले डेच्या जमान्यातली भीती अजून गेली नव्हती. १९७३ मध्ये फ्लोरिडातल्या टेनिस खेळाडूंनी आणि त्यांच्या प्रशिक्षिकेनं न्यायालयात धाव घेतल्यावर ही बंदी उठवावी लागली. नॅन्सी लोपेझ ही या बदललेल्या हवेत विद्यापीठात आलेल्या पिढीची. तिनं टल्सा विद्यापीठाकडून खेळताना १९७६ साली एआयएडब्ल्यूचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं, पुढच्या वर्षी ती व्यावसायिक झाली आणि १९७८ या एका वर्षात तिनं नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या पाच ओळीनं. महिला गोल्फ पाहायला गर्दी जमू लागली ती तिच्यामुळे.

गर्दी आणि पैसा दिसू लागल्यावर एनसीएएचंही लक्ष वळलं. तोवर या संस्थेनं फक्त पुरुषांच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि टायटल नाइनला विरोधही केला होता. आता तिनं महिलांच्या स्पर्धा सुरू करायचा ठराव केला. १९८२ साली म्हणूनच देशात महिला गोल्फची दोन अजिंक्यपदं झाली, एक एआयएडब्ल्यूचं आणि एक एनसीएएचं. दोन्ही ठिकाणी सांघिक विजेता एकच होता: डेल मॅकनमारा यांच्या प्रशिक्षणाखालचा टल्सा. एनसीएएची वैयक्तिक विजेती ठरलेली टल्साची कॅथी बेकर तीन वर्षांनी यूएस विमेन्स ओपन जिंकली. एआयएडब्ल्यूनं न्यायालयात झगडून पाहिलं, पण तिचे सदस्य आणि दूरदर्शनचे पैसे निघून गेले होते. थोड्याच काळात ती बंद पडली. मुलींना साधनं अधिक मिळाली. कारभार मात्र बायकांच्या हातून गेला.

विजेत्यांची यादी

नव्या स्पर्धेच्या पहिल्या काही दशकांत वाळवंटातली अॅरिझोना स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक या दोन विद्यापीठांचा दबदबा राहिला. २०१७ पर्यंत अॅरिझोना स्टेटची आठ सांघिक विजेतेपदं झाली होती, २०१९ पर्यंत ड्यूकची सात. वैयक्तिक यादीत १९९१ साली अॅरिझोना विद्यापीठाची स्वीडिश विद्यार्थिनी आनिका सोरेनस्टाम दिसते. पुढे जगातली सर्वोत्तम गोल्फपटू म्हणून तिचं नाव झालं. याच विद्यापीठातून आलेली मेक्सिकोची लोरेना ओचोआ हीसुद्धा जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, पण एनसीएएचं वैयक्तिक विजेतेपद तिच्या हाती कधीच लागलं नाही.

हुकलेल्या संधीचं सर्वांत बोलकं उदाहरण जेनिफर कुपचोचं. २०१७ साली इलिनॉयमधल्या रिच हार्वेस्ट फार्म्सवर वेक फॉरेस्ट विद्यापीठाची कुपचो दोन होल बाकी असताना दोन फटक्यांनी पुढे होती. सतराव्यावर चेंडू पाण्यात गेला आणि पारपेक्षा तीन फटके जास्त पडले. अॅरिझोना स्टेटची मोनिका वॉन एका फटक्यानं जिंकली. तिच्या संघानं सांघिक विजेतेपदही नेलं. कुपचो पुढल्या वर्षी परतली आणि कार्स्टन क्रीकवर तेच विजेतेपद घेऊन गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबनं प्रथमच हौशी महिलांची स्पर्धा भरवली, तीही तिनं जिंकली. तिथे दुसरी आलेली आर्कान्सॉची मारिया फासी पुढच्याच महिन्यात एनसीएएची विजेती झाली.

मॅच प्लेचा बाद फेऱ्यांचा भाग या स्पर्धेत २०१५ साली आला. पुरुषांच्या स्पर्धेत तो काही वर्षं आधीपासून होता. त्याच वर्षापासून महिलांची स्पर्धा गोल्फ चॅनलवर दिसू लागली आणि पुरुषांच्याच मैदानावर, त्यांच्या आधी काही दिवस भरू लागली. पहिलीच अंतिम लढत फ्लोरिडातल्या कन्सेशन मैदानावर स्टॅनफर्ड आणि बेलर यांच्यात झाली. निर्णायक सामन्यात स्टॅनफर्डची मरायाह स्टॅकहाउस दोन होल बाकी असताना दोन होलनी मागे होती, म्हणजे एक होल नुसता बरोबरीत सुटला असता तरी खेळ खलास. तिनं सतराव्यावर बर्डी केली, अठराव्यावर बर्डी केली आणि एकोणिसाव्यावर सामना घेतला. नव्या पद्धतीची याहून चांगली जाहिरात झाली नसती.

या पद्धतीवर टीकाही होते आणि ती रास्त आहे. चार दिवस सगळ्यांत चांगलं खेळलेला संघ एका दुपारी हरू शकतो. २०२५ साली ला कोस्टा मैदानावर स्टॅनफर्डनं स्ट्रोक प्लेमध्ये पहिलं स्थान मिळवलं आणि अंतिम लढतीत नॉर्थवेस्टर्नकडून ३-२ अशी हार पत्करली.

पाऊस पडला आणि बारा संघ घरी गेले

मे २०२१ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे विभागीय स्पर्धा होती. त्या वेळी एका विभागात अठरा संघ असत आणि सहा पुढे जात. पाऊस लागला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी आयोजकांनी जाहीर केलं की मैदान खेळण्याजोगं आहे, पण अजिंक्यपदाच्या दर्जाला साजेसं नाही. सबब, आधीच्या मानांकनातले पहिले सहा संघ पुढे जातील. बारा संघांच्या मुली, त्यांतल्या कित्येकींचं ते शेवटचं वर्ष, एकही चेंडू न मारता बाहेर पडल्या. काहीजणी तिथेच रडू लागल्या आणि ती दृश्यं देशभर फिरली.

राग फक्त पावसाचा नव्हता. दोन महिन्यांपूर्वीच महिलांच्या बास्केटबॉल स्पर्धेत खेळाडूंना व्यायामासाठी मोजकी डंबेल्स आणि पुरुषांना भलंमोठं सुसज्ज दालन, हा फरक एका खेळाडूनं व्हिडिओतून उघड केला होता. मुलांच्या स्पर्धेत हा निर्णय इतक्या सहज झाला असता का, असा प्रश्न बॅटन रूजनंतर सगळ्यांनी विचारला. न खेळता पुढे गेलेल्या सहा संघांपैकी एक होता ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. त्या मुलींनी दोन आठवड्यांनी ग्रेहॉकवर ओक्लाहोमा स्टेटला ४-१ हरवून अजिंक्यपद मिळवलं. त्या विद्यापीठाच्या महिला संघाचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं एनसीएए विजेतेपद होतं.

पुढे काय करायचं

२०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं वैयक्तिक विजेतेपद स्टॅनफर्डच्या रोझ झँगनं घेतलं. दोनदा ते जिंकणारी ती पहिलीच. दोन वर्षांत वीस स्पर्धा खेळून तिनं बारा जिंकल्या. टायगर वुड्सच्या नावावर याच विद्यापीठात अकरा आहेत. दुसऱ्या विजेतेपदानंतर दोन आठवड्यांत ती व्यावसायिक म्हणून आपली पहिली स्पर्धा खेळली आणि जिंकली. १९५१ नंतर एलपीजीएवर असं कुणाला जमलं नव्हतं. अतिरिक्त होलवर तिनं जिला हरवलं, ती होती जेनिफर कुपचो.

पण सगळ्यांची वाट तिकडे जात नाही. झँगच्या आधी, २०२१ साली, पहिल्याच वर्षात विजेती ठरलेली स्टॅनफर्डची रेचल हेक हवाई दलाच्या विद्यार्थी पथकात होती. आपण व्यावसायिक गोल्फ खेळणार नाही, असं तिनं २०२४ च्या वसंतात एका लेखातून जाहीर केलं. दोन महिन्यांनी ती स्टॅनफर्डसाठी शेवटची स्पर्धा खेळली, संघाला अजिंक्यपद मिळालं आणि ती हवाई दलात अधिकारी झाली. त्याच संघात न्यू जर्सीत वाढलेली भारतीय वंशाची मेघा गन्ने होती. शाळेत असतानाच २०२१ च्या यूएस विमेन्स ओपनमध्ये पहिल्या दिवसाअखेर ती संयुक्त आघाडीवर होती; २०२५ साली ती अमेरिकेची हौशी महिला अजिंक्यवीर झाली.

पैशाचे नियम आता पुन्हा बदलत आहेत. अनेक वर्षं डिव्हिजन वनच्या महिला गोल्फ संघाला सहा, तर पुरुषांच्या संघाला साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. फुटबॉलसाठी मुलांना दिल्या जाणाऱ्या ८५ शिष्यवृत्त्यांचा तोल विद्यापीठांना कुठेतरी सांभाळावा लागत असे, त्यातून हा उलटा फरक आलेला. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांना गोल्फ संघात नऊपर्यंत खेळाडू ठेवता येतात आणि नऊहीजणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. द्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या तिजोरीवर. त्याच वर्षी जिंकलेल्या नॉर्थवेस्टर्नचं ते पहिलंच सांघिक विजेतेपद होतं, फिलिस ओटोनंतर ७९ वर्षांनी आलेलं.